मॅग्नेट हॉस्पिटल घेऊ की तासाला दोन डॉलर जास्त?

अमेरिकेतल्या दोन ऑफर आल्यात, एक ‘मॅग्नेट’वाली, दुसरी तासाला दोन डॉलर जास्त देणारी, कुठली घेऊ, असं तू तासगावहून विचारलंयस. मी दोन्हीकडं राबलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

मॅग्नेट म्हणजे लोहचुंबकच; चांगल्या नर्सिंगसाठी हॉस्पिटलला मिळणारी ही मान्यता. नर्सेसचा तुटवडा असतानाही काही हॉस्पिटलांतल्या सिस्टर सोडून जात नव्हत्या. १९८३ च्या पाहणीत १६३ पैकी ४१ हॉस्पिटलं अशी निघाली. त्यातूनच पुढं ही मान्यता आली. पहिली १९९४ मध्ये सिॲटलच्या एका हॉस्पिटलला. ती चार वर्षांपुरती असते, मग पुन्हा सगळं सिद्ध करायचं: पेशंट किती पडले, बेडसोर किती झाले, सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, इन्फेक्शन किती.

पण खरा फरक राऊंडला कळतो. मिरजेत आपण ट्रे धरून सरांच्या मागं उभ्या! लघवीची नळी काढायची तरी त्यांच्या ऑर्डरची वाट. इथं मॅग्नेटमध्ये ठरलेल्या निकषांत बसलं की नळी नर्सनंच काढायची. पहिल्या वेळी मी तरीही इन्चार्जला विचारायला गेले. ती म्हणाली, “मला काय विचारतेस? पेशंट तुझा आहे.” तो नियम वॉर्डातल्याच नर्सेसच्या कमिटीनं लिहिलेला. शिक्का नसलेल्या ठिकाणीही असे नियम असतात म्हणा, पण इथल्या माझ्या पहिल्या, बिनशिक्क्याच्या हॉस्पिटलात नव्हते. तिथं नाईटला सात पेशंट असायचे आणि तक्रार केली की ‘बघू’ एवढंच ऐकायला मिळायचं.

आता हुरळू नकोस. एका नर्सला किती पेशंट, हे मॅग्नेट ठरवून देत नाही. कॅलिफोर्नियात मेडिकल-सर्जिकल वॉर्डला पाचाची मर्यादा आहे, पण ती कायद्यानं. म्हणून इंटरव्ह्यूत थेट विचार: त्याच वॉर्डात, नाईटला, किती पेशंट? वर्षभरात किती नर्स सोडून गेल्या? उत्तर गुळमुळीत आलं तर शिक्क्याला भुलू नकोस.

तू जीएनएम, म्हणजे डिप्लोमावाली आहेस ना? मॅग्नेटमध्ये नर्स मॅनेजर व्हायला नर्सिंगची पदवी लागते, आणि बरीच हॉस्पिटलं साध्या स्टाफ नर्सकडूनही मागतात. ती पदवी, म्हणजे पोस्ट बेसिक बीएस्सी, तिकडंच उरकून ये. इथं नोकरी सांभाळून शिकताना माझा जीव गेला.

पेशंटचा आणि सोडून गेलेल्या नर्सेसचा आकडा दोन्ही हॉस्पिटलांत सारखाच निघाला तर मी मॅग्नेट घेईन, दोन डॉलर सोडून. मात्र काँट्रॅक्ट मधेच सोडलं तर किती पैसे भरायचे, ते पान सही करायच्या आधी नीट वाच.