घर बदलताना कौटुंबिक उपासना

सोलापुरातील सात रस्त्याजवळचे भाड्याचे घर सोडून आपण विजापूर रोडला राहायला जाणार आहात आणि या धावपळीत मुलांना विश्वासाचे धडे कसे द्यावेत, असे आपण विचारले आहे. माझा पहिला सल्ला असा की, पवित्र शास्त्र (बायबल) पुस्तकांच्या खोक्यात बांधू नका. ते हातातल्या पिशवीत राहू द्या.

पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकाच्या नवव्या अध्यायापासून सुरुवात करावी. रानातून प्रवास करणाऱ्या इस्राएल लोकांना वाट दाखवणारा देवाचा मेघ निवासमंडपावर (त्यांच्या उपासनेच्या तंबूवर) दोन दिवस, महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ थांबला, तरी तो वर जाईपर्यंत ते तळ हलवीत नसत. घरमालकाच्या किल्लीची वाट पाहणाऱ्या मुलांना हे चटकन उमजते. भांडी जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळताना निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील, देवाने रानात दिलेल्या, पण आज्ञा मोडून सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्या मान्न्यात (अन्नात) किडे पडल्याची गोष्ट सांगावी, म्हणजे माळ्यावरच्या अडगळीचा प्रश्नही (निदान अर्धा) सुटतो. मात्र प्रत्येक खोक्यावर प्रवचन नको, मुले कंटाळतात.

देवाच्या सांगण्यावरून घर सोडून निघालेल्या अब्राहामाने बेथेल गावाच्या पूर्वेस तंबू ठोकला आणि तिथेच वेदी बांधली. त्याचप्रमाणे नव्या घरी गॅसजोडणी होण्याआधीच, सामानाच्या गराड्यात बसून पहिली प्रार्थना करावी आणि ती धाकट्याला करू द्यावी.