पहिल्या वर्षी शेजार निवड

प्रिय,

तू पाठवलेली कॉलेजच्या वसतिगृहातल्या पर्यायांची यादी रात्री पुन्हा वाचली. दोघांची खोली, एकट्याची खोली, स्वतंत्र बाथरूमची खोली, चौघांत घ्यायचा स्वयंपाकघरासह फ्लॅट. प्रत्येकापुढे चौरस फूट आणि भाडं. शेजारी किती दारं, जिना कुठे, कॉमन रूम कुठल्या मजल्यावर, यातलं एकही नाही! भिंती मोजून काय मिळणार?

पहिल्या वर्षी शेजार निवड. बाकीचं नंतर.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत मैत्री कशी जमते, हे फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या संशोधकांनी तपासलं. १९५० साली ते प्रसिद्ध झालं. दाराला दार लागून राहणाऱ्यांनी एकमेकांना मित्र म्हणण्याचं प्रमाण ४१ टक्के, त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्के. अंतर काही पावलांचंच. सगळं दाराच्या आतच मिळालं तर तू ती पावलं टाकणार कधी?

अभ्यासाला शांतता लागते, म्हणशील. लागते, आणि ती ग्रंथालयात मिळते. शेजार तिथे मिळत नाही.

मला शेवटच्या वर्षी एकट्याची खोली देत होते. मी घेतली नाही. घरचे चिडले. चार गुण कमी पडलेही असतील, पण वडील गेल्याचा फोन मध्यरात्री आला तेव्हा माझी बॅग रूममेटने भरली. मला हाकही मारावी लागली नाही. त्या निर्णयाबद्दल मी आजही कुणाचं ऐकून घेत नाही. खंत वेगळीच आहे. मजल्याच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलगा सत्र अर्धवट टाकून निघून गेला, आणि त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. त्याची खोली एकट्याची होती. म्हणून पुन्हा सांगतो, शेजार निवड.

रूममेटसाठीच्या फॉर्मवर खरं लिही. रात्री दोनला झोपत असशील तर दोनच लिही. आई शेजारी बसली की सगळेच दहा लिहितात, आणि मग वर्षभर दिव्यावरून भांडतात. करार शैक्षणिक वर्षापुरता की बारा महिन्यांचा, सुट्टीत वसतिगृह बंद असतं का, मेसचे पैसे सक्तीचे आहेत का, मध्येच खोली बदलता येते का, हे पैसे भरण्याआधी विचार. पटत नाही म्हणून आठवड्यात खोली बदलायला धावू नकोस, सत्रभर थांब. मात्र कुणी धाक दाखवला, त्रास दिला, तर एक दिवसही थांबायचं नाही, सरळ वॉर्डनकडे जायचं.

पहिला पर्याय दोघांची खोली लिही. दुसराही तोच, दुसऱ्या इमारतीतला. फॉर्म भरलास की कळव.