लाथ मारीन तिथे फ्रीज बंद करीन

प्रिय ताई,

दीड वर्षापूर्वी मुलाला कराटेच्या क्लासला घातलं. तीन महिन्यांत त्याने सोडलं. त्याला सोडायला-आणायला जाणारे त्याचे बाबा मात्र तिथेच राहिले. आता यांना ग्रीन बेल्ट मिळालाय आणि माझ्या घराचा आखाडा झालाय. दात घासतात ते घोड्यावर बसल्यासारखे गुडघे फाकवून. फ्रीजचं दार पायाने बंद करतात. सासूबाईंनी हाक मारली की ‘ओस!’ (क्लासमधलं ‘हो जी’) म्हणून ओरडतात, त्या दचकतात. हॉलमधलं टीपॉय भिंतीला उभं लावून ठेवलंय, कारण मध्ये ‘काता’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने हातपाय चालवायचा सराव, करायचा असतो. बेल्ट धुवू देत नाहीत, त्यातली मेहनत वाहून जाते म्हणे. हल्ली भिंतीवर मुठीही आपटायला लागलेत. आणि येता-जाता ‘जरा माझं मनगट धर ना’. धरलं की ‘असं नाही गं, नीट धर!’ म्हणून ओरडा मलाच. पुढच्या महिन्यात क्लासच्या प्रात्यक्षिकात हे लाकडी फळी फोडणार आहेत आणि ती फळी मी धरावी असा हट्ट आहे. माणूस वाईट नाही हो. पण मी लग्न केलं होतं ते हिशेब तपासणाऱ्या माणसाशी. हे कधी उतरेल का? आणि फळी धरू का?

— बचावाच्या पवित्र्यात

प्रिय बचावाच्या पवित्र्यात,

फळीचं शेवटी सांगते. आधी निदान.

तुमच्या यजमानांना झालंय ते मधल्या रंगाचं दुखणं. व्हाइट बेल्टवाल्याला आपल्याला काही येत नाही हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो गप्प असतो. ब्लॅक बेल्टवाल्याला अजून काय काय येत नाही हे कळून चुकलेलं असतं, म्हणून तोही गप्प असतो. या दोघांच्या मध्ये पिवळे, नारिंगी, हिरवे असा जो जथा आहे, तो घरोघरी फ्रीज बंद करत फिरतो. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बाशिंगाच्या जागी नी-कॅप आली, एवढाच फरक. चाळिशी ओलांडलेला माणूस थंड अंगाने पाय उचलायला लागला की ती लवकरच लागते. फ्रीजच्या दारासमोर कुणी वॉर्मअप करत नाही, हे त्यांना एकदा तुम्ही सांगा, म्हणजे मांडीचा स्नायू सांगणार नाही.

दात घासतानाच्या त्या पवित्र्याला किबा-दाची म्हणतात. मांड्यांना उत्तम, बेसिनला निरुपद्रवी. तो चालू द्या.

बेल्ट मात्र धुवा. न धुता वापरून वापरून पांढरा पट्टा काळा पडला आणि त्यातून ब्लॅक बेल्ट जन्माला आला, ही कथा सगळ्या क्लासांत मोठ्या श्रद्धेने सांगितली जाते. तिला इतिहासात आधार नाही. ब्लॅक बेल्टची पद्धत मुळात ज्युदोतली. 1882 मध्ये ज्युदोची स्थापना करणारे जिगोरो कानो पेशाने शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांच्या पायऱ्या नीट लावलेल्या त्यांना आवडत. कराटेने ती पद्धत ज्युदोकडून उचलली. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या विद्यार्थ्यांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते 1924 मध्ये. आणि तुमच्या घरातला हिरवा, म्हणजे रंगीत पट्ट्यांची ती सगळी शिडी, त्याच्याही नंतर युरोपात ज्युदो शिकवताना रुजली. थोडक्यात, या परंपरेत घामाला कुठेही मान्यताप्राप्त स्थान नाही. सुती असेल तर गार पाण्यात धुवा, नाहीतर आटेल आणि त्याचंही खापर तुमच्यावर. मेहनत वाहून जाते म्हणाले, तर विचारा की अंगावरचा गी, म्हणजे कराटेचा गणवेश, दर आठवड्याला धुतो त्यातली मेहनत कुठे जाते.

आता मनगट. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण लढण्याची कुठलीही कला शिकणाऱ्या माणसाच्या घरात हा छळ होतोच. जोडीदार, भाऊ, बहीण, पाहुणा, जो सापडेल त्याला ‘मनगट धर’ म्हणतात. तुम्ही आपलं जसं येईल तसं धरता. त्याने शिकलेली सोडवणूक समोरून, उलट्या हाताने आणि अंगठा खाली ठेवून धरलेल्या मनगटाचीच असते. मग तो तुमची बोटं एकेक करून योग्य जागी लावतो, ‘आता घट्ट’ म्हणतो, ‘इतकं घट्ट नाही’ म्हणतो, तुमचा खांदा वळवतो आणि शेवटी एकदाची सुटका करून घेऊन ‘पाहिलंस?’ म्हणून विचारतो. काय पाहायचं? खरा हल्लेखोर इतका वेळ थांबणार असेल, तर त्याच्याशी बोलूनच मिटवता येईल की.

यावर क्लासमधलाच एक नियम आहे, तो घरात आणा. ज्युदोत किंवा जुजुत्सूत पकड असह्य झाली की समोरच्याला किंवा जमिनीला दोनदा थोपटायचं. थोपटलं की त्या क्षणी सोडायचं, ‘एवढंच जरा’ म्हणत पूर्ण करायचं नाही. हा नियम पाळत नाही त्याच्याबरोबर कुणी सराव करत नाही. तेव्हा तुम्हीही दोनदा थोपटा. मनगटाच्या वेळी थोपटाच, पण ‘आमचे सेन्सेई (म्हणजे गुरुजी) म्हणतात’ असं वाक्य सुरू झालं आणि पुढचं सगळं पाठ असलं, तरी थोपटा.

तुमचं नशीब तसं बरं आहे हेही सांगून ठेवते. हे केंदोकडे, म्हणजे जपानी तलवारबाजीकडे वळले असते तर? तिथे बांबूची तलवार नुसती लागून गुण मिळत नाही. डोक्यावर वार करायचा तर ‘मेन!’ म्हणून फुफ्फुसाच्या तळापासून ओरडावंच लागतं; आवाज, हत्यार आणि शरीर एका क्षणी एकत्र आलं नाही तर पंच वार मोजत नाहीत. सासूबाईंचं मग काय झालं असतं! शिवाय केंदोचे जाड हातमोजे धुणं सोपं नसतं. त्यांच्या वासाबद्दल केंदोवालेच इतके विनोद करतात की मी भर घालत नाही. जुजुत्सूकडे गेले असते तर चटईवर घासून घासून कान फुगवून घेतले असते आणि त्या कानांचे फोटो अभिमानाने नातेवाइकांना पाठवले असते. संथ हालचालींची ताई-ची बरी वाटते, पण त्या माणसाला घाईच्या वेळी दारातून बाहेर काढून दाखवा. आणि सगळ्यांत अवघड जमात म्हणजे स्वतः काहीच न करता, कुठली कला कुठल्या कलेला हरवेल यावर रात्र-रात्र वाद घालणारी. तुमचे यजमान निदान घाम तरी गाळतात.

टीपॉयचं गाऱ्हाणं मला पटतं. ते जो काता करतात तो बहुधा हेयान मालिकेतला असेल. या मालिकेत पाच काता आहेत. ते जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या आन्को इतोसूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांना शिकवण्यासाठी रचले. होय, शाळेतल्या मुलांना. हे वाक्य घरात हळुवारपणे सांगा. पहिल्या हेयानमध्ये 21 हालचाली आहेत, पावलं जमिनीवर इंग्रजी ‘आय’सारखी फिरतात आणि जिथून सुरुवात केली तिथेच शेवट व्हायला हवा. जागा कमी असली की जाणकार मंडळी पाऊल आखूड टाकतात किंवा दर हालचालीनंतर मागे सरकून जागा करून घेतात. आपल्या भोवतालचा अंदाज नसेल तर तो काता कसला? तेव्हा टीपॉय जागेवर ठेवा आणि सांगा की ही पुढच्या परीक्षेची तयारी आहे. नडगी एकदा आपटली की पावलं आपोआप सुधारतील.

भिंत मात्र आजच थांबवा, यात मी थट्टा करत नाही. कराटेत मुठीच्या सरावाला माकिवारा वापरतात. तो जमिनीत रोवलेला, वर निमुळता होत गेलेला लवचीक खांब असतो. ठोसा लागला की तो मागे वाकतो. भिंत वाकत नाही. चुकीच्या कोनात भिंतीवर मारलेल्या ठोशाने करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं, आणि हे इतक्या लोकांना होतं की डॉक्टरांकडे त्या मोडण्याला वेगळं नावच आहे. हिशेब तपासणाऱ्या माणसाचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तर पुढचे दीड महिने कागद कोण भरणार, ते सांगायला नको.

एवढं सगळं झाल्यावर तुमच्या पत्रात जी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तिच्याकडे येते. एकदा क्लासला जाऊन कोपऱ्यात बसा. तिथे रांग वयाने लागत नाही, पदाने लागत नाही, बेल्टने लागते. तुमचे यजमान उभे असतील तिथून दोन-चार जागा वर एखादी बारा वर्षांची ब्राउन बेल्ट मुलगी असेल. ती त्यांना ‘काका, टाच खाली’ म्हणेल, आणि ऑफिसात हाताखालच्यांच्या चुका काढणारा हा माणूस ‘ओस’ म्हणून टाच खाली टेकवेल. पुन्हा चुकेल, पुन्हा टेकवेल. या वयात चारचौघांत मनसोक्त चुकण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते. तुमच्या मुलाला ती शाळेत रोज मिळते, म्हणून त्याला त्याचं कौतुक नाही. बाबांना वीस-पंचवीस वर्षांनी मिळालीय. ते हरखून गेलेत. म्हणून विचारताय तसं हे पूर्ण उतरेल असं मला वाटत नाही. लाथा कमी होतील, क्लास राहील. राहू द्या.

पण त्याच क्लासमध्ये शेवटपर्यंत थांबा. बऱ्याच डोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागी, सराव संपल्यावर विद्यार्थी जमीन झाडून, फडक्याने पुसून काढतात. त्याला सोजी म्हणतात आणि त्यातून मोठ्या बेल्टचीही सुटका नसते. तुमचे यजमान तिथे ओणवे होऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आनंदाने फरशी पुसताना दिसले तर बाई, तुमच्या मनात जे येईल ते मला इथे बसून ऐकू येतंय. खरी टोचणी तीच आहे, नाही का? तिथे एका शब्दावर फडकं हातात घेणारा माणूस घरी तीनदा सांगितल्यावरही पाय वर उचलून बसतो, आणि आपण पायांखालून केरसुणी फिरवतो.

तर भांडू नका. अधिकृतपणे सोजी मागा. फुनाकोशी टोकियोत आले तेव्हा सुरुवातीची वर्षं त्यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात काढली, आणि पोटासाठी तिथे राखणदारी केली, खोल्या झाडल्या. आधुनिक कराटेचा जनक म्हणून ज्यांचा फोटो कित्येक क्लासांच्या भिंतीवर असतो, ते हेच गृहस्थ. कराटेची सुरुवात आणि शेवट अदबीने होतो, हे त्यांचं सूत्र तुमच्या यजमानांना पाठ असणारच. ती अदब सासूबाईंच्या हाकेला कशी दाखवायची हेही त्यातच आलं: ओरडून नव्हे, उठून. घरात काता केला त्या दिवशी हॉलची सोजी त्यांची, हा ठराव मांडा. ग्रीन बेल्टवाला नाही म्हणू शकत नाही. म्हणाला तर मला कळवा, सेन्सेईंना पत्र लिहू. सेन्सेईंच्या शब्दापुढे यजमानांची बिशाद नाही.

मुलाला यात ओढू नका. त्याने सोडलं ते सोडलं. बाबांसारखं चिकटून राहावं म्हणून त्याला टोमणे मारले तर तो आयुष्यात कुठल्याच क्लासची पायरी चढणार नाही.

आणि आता फळी. 1979 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात तीन संशोधकांनी कराटेच्या भौतिकशास्त्रावर लेख लिहिला होता. त्यातले रोनाल्ड मॅकनेअर स्वतः ब्लॅक बेल्ट होते आणि पुढे अंतराळवीर झाले. त्या लेखातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की मुठीचा वेग हात पूर्ण लांब होण्याच्या थोडा आधी सर्वांत जास्त असतो, म्हणून नेम फळीवर नाही तर फळीच्या पलीकडे धरायचा. हात हा धक्का सहज सोसतो, फळी फुटली तर. ऐन वेळी हात कचरला आणि फळी शाबूत राहिली, तर तो सगळा जोर मुठीतच परत येतो. धरणारा कचरला तरी तेच होतं. नवखा माणूस ठोसा येताना पाहून कोपरं दुमडतो, फळी मागे जाते, फुटत नाही, बोटं सुजतात, आणि ‘तू नीट धरली नाहीस’ हे वाक्य तुम्हाला सोन्याच्या लग्नवाढदिवसापर्यंत ऐकावं लागतं.

म्हणून अशीच धरू नका. सेन्सेईंना सांगा, आधी क्लासमध्ये माझी तालीम घ्या. लाकडाच्या रेषा पाहायला शिका; ज्या दोन कडा तुम्ही धरता, त्यांना रेषा समांतर हव्यात, म्हणजे फळी रेषेवरून चिरते. कोपरं ताठ, एक पाय पुढे, बोटांची टोकं समोरच्या बाजूला फार येऊ न देता, चेहरा बाजूला वळवून उभं राहायचं. शेजारी दुसरं कुणी अनुभवी धरायला असलं तर उत्तम. तालमीत तुमचे हात डगमगले तर सरळ नकार द्या आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवा, तेही काम कुणीतरी करायला हवंच.

फळी फुटली तर तिचे दोन्ही तुकडे घरी येतील आणि त्यातला एक फ्रेम करून लावायचा विषय निघेल, याची तयारी ठेवा. नाही फुटली तर हसू नका. निदान गाडीत बसेपर्यंत.

— तुमची ताई