जखमी कोंबडी घरात ठेवलीय? आजच खुराड्यात न्या, पण जाळीमागं

ताई, तुम्ही लिहिलंय की सहा जुन्या गिरिराज जातीच्या कोंबड्यांत बाजारातनं आणलेल्या तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, सोडल्या, थोरल्या कोंबडीनं त्यातल्या एकीची पाठ रक्त येईपर्यंत सोलली, म्हणून तिला घरातल्या खोलीत ठेवलंय आणि जखम भरली की परत सोडणार. ते शेवटचं वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसले. मी नेमकं हेच केलं होतं आणि माझी कोंबडी गेली.

आम्ही करवीर तालुक्यात राहतो, घरामागं आठ-दहा कोंबड्या गेली अकरा वर्षं आहेत. लस, जंताचं औषध, पाणी हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही.

सोनी म्हणून तांबडी कोंबडी होती, कळपात सगळ्यात खालची. एका सकाळी बघते तर खुराड्याच्या कोपऱ्यात, वीट आणि भिंतीच्या फटीत डोकं खुपसून उभी. पाठ उघडी, जागची हलत नव्हती, आणि मागून दोघीजणी आळीपाळीनं टोचत होत्या. शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढी जखम, तुराही खरचटलेला.

तिला पाटीत घालून जनावरांच्या एका दवाखान्यात नेलं. साडेबारापर्यंत बसवून ठेवलं आणि मग काय ऐकवलं, तर "दोनशे रुपयांच्या कोंबडीसाठी कशाला एवढं करताय? वेगळी ठेवा." किती दिवस, कुठं, परत कशी सोडायची, एक शब्द नाही. म्हशीला आधी घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण जिच्या घरचं तेल-मीठ अंड्यांच्या पैशावर येतं, त्या बाईला दोन मिनिटं नीट सांगायला काय होतं? आजही राग येतो.

मग मी तिला स्वयंपाकघरामागच्या खोलीत अठरा दिवस ठेवली. हळद-खोबरेल लावलं, तुऱ्यावर जांभळं औषध लावलं, पोटभर खायला घातलं. पाठीवर नव्या पिसांचे कोंब आले. एकोणिसाव्या दिवशी दुपारी मोठ्या आनंदानं तिला आत सोडली आणि शेताकडं गेले. दिवस मावळता आले तेव्हा डोक्याचं कातडं निघून हाड दिसत होतं. ती रात्र तिनं काढली नाही.

कोंबड्यांची उतरंड, म्हणजे कळपात कोण वरची आणि कोण खालची, एकीनं एकीशी भिडून ठरते. नॉर्वेच्या श्येल्देरुप-एब्बे यांनी हे १९२०च्या दशकात मांडलं, त्यांनी लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. एकदा ठरलं की रोज मारामारी लागत नाही, नुसती मान ताठ केली तरी खालची बाजूला होते. पण ही ओळख डोकं आणि तुरा बघून राहते. दोन-तीन आठवडे नजरेआड राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी होते. आणि मी तर सोनीचा तुराच जांभळा करून सोडला होता. ते औषध पाठीवर लावा, लाल रंग झाकला जातो आणि टोचणं कमी होतं. तुऱ्याला मात्र लावू नका.

म्हणून म्हणते, आज रात्रीच तिला खुराड्यात न्या. आत एक कोपरा जाळीनं अडवा, तिचं पाणी-खाणं आत ठेवा, आणि दुसरी एखादी गरीब तलंगही सोबतीला द्या. सगळ्यांनी एकमेकींना दिवसभर बघायला हवं, पण चोच पोचायला नको. ही नवी पाखरं बाजारातली आहेत, त्यांना तीन आठवडे लांब ठेवून तब्येत बघायला हवी होती. आता मिसळलीच आहेत, तर ते झालं.

आणि मुख्य म्हणजे मारणारीला बाहेर काढा, मार खाणारीला नव्हे. थोरलीला चार-पाच दिवस लांब, आवाज येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. परत येते तेव्हा तिलाच आपली जागा शोधावी लागते. माझ्याकडं तीनदा लागू पडलंय, एकदा नाही पडलं. ती एक शेवटी विकावी लागली.

जखम सुकली, पिसांनी झाकली की जाळी काढा, पण संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसायच्या वेळेला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्वतः तिथं जाऊन बसा. दोन-चार टोचे मारतील, मारू द्या. रक्त दिसलं तरच मध्ये पडा. खाण्याची भांडी एकाच्या जागी तीन करा, एकमेकांपासून लांब. हे कितीतरी लोक करत नाहीत आणि वर कोंबड्यांना दोष देतात.

चोचीचं टोक कापून आणा असं कोणीतरी सांगेलच. माझ्या मते अजिबात करू नका. त्या टोकाला संवेदना असते, पाखराला वेदना होतात आणि गर्दीचं कारण तसंच राहतं. आपल्याकडं जुलैत पाऊस लागला की आठ-आठ दिवस कोंबड्या आत कोंडून राहतात, भांडणं तेव्हाच वाढतात. मी कोबीचा गड्डा सुतळीनं टांगते, खाली कोरडं भाताचं तूस टाकते. उसाचं पाचट पावसाळ्यात नको, बुरशी धरते.

अजून एक, विषयाला सोडून आहे पण सांगते. अंडी न घालणाऱ्या तलंगांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालू नका, त्यात चुना फार असतो आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना हवा त्या खातात.

मी डॉक्टर नाही, हे सगळं माझ्या परड्यातलं आहे. पाठीची जखम किती खोल आहे ते तुम्ही लिहिलं नाही. आज रात्री बॅटरी धरून नीट बघा. कातड्याखाली अळ्या वळवळताना दिसल्या तर जाळीचं काम उद्यावर टाका, तिला माशा येणार नाहीत अशी झाकून ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा डॉक्टर गाठा. तिथं कोणी दोनशे रुपयांची भाषा केली तरी उठू नका, औषध लिहून घेऊनच या.