सायकल टाइम: स्क्रीनवरचा आणि खरा

प्रश्न : सीएनसी लेथच्या (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथच्या) स्क्रीनवर सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला (बनवायच्या नगाला) लागणारा वेळ, ४८ सेकंद दिसतो. म्हणजे ८ तासांत ६०० जॉब व्हायला हवेत, पण होतात ३८०. ऑपरेटर वेळ काढतो का?

उत्तर : ऑपरेटरवर ठपका ठेवण्याआधी मोजणी तपासा. ते ४८ सेकंद फक्त प्रोग्रॅमचे आहेत. दार उघडणे, जॉब काढणे, जॉमधल्या (जॉब पकडणाऱ्या जबड्यांतल्या) चिप्स, म्हणजे धातूचा कीस, हवेने उडवणे, नवा जॉब पकडणे हे त्यात धरलेलेच नाही. एका 'सायकल स्टार्ट'पासून पुढच्या 'सायकल स्टार्ट'पर्यंत स्टॉपवॉच लावा आणि सलग २० जॉब मोजा. एखादे रीडिंग ९५ सेकंद आले तर खोडू नका, कारण लिहा. तोट्याचा पत्ता तिथेच मिळतो.

समजा गेजिंगचे (मापे तपासण्याचे) थांबणे वगळून सरासरी ६३ सेकंद आली. १०० जॉबनंतर इन्सर्ट (टूलचे कापणारे, बदलता येणारे टोक) बदलायला ३ मिनिटे लागत असतील, तर जॉबमागे १.८ सेकंद वाढले. दर १० जॉबला मशीन थांबवून २० सेकंद गेजिंग होत असेल, तर आणखी २. झाले ६६.८ सेकंद. आता ८ तासांतून जेवणाची ३० आणि दोन चहांची २० मिनिटे वजा करा. उरलेल्या ४३० मिनिटांत ३८६ जॉब बसतात. तुमचे ३८० निघतात, म्हणजे माणूस नीट काम करतोय. आधी गेजिंगचे काम मशीन चालू असताना करायला लावा, ते २ सेकंद फुकट वाचतील.

प्रश्न : वेळ कमी करायला स्पीड वाढवला, तर इन्सर्ट लवकर जातात. काय करावे?

उत्तर : कटिंग स्पीडचा इन्सर्टच्या आयुष्यावर सर्वांत जास्त परिणाम होतो, फीडचा (एका फेऱ्यात टूल जितके पुढे सरकते त्याचा) त्यामानाने कमी. म्हणून आधी फीड वाढवून पाहा. फिनिश बिघडेल, कारण फीड ०.१५ वरून ०.२ मिमी केला तर ०.८ मिमी नोज रेडियसला (इन्सर्टच्या टोकाच्या गोलाईला) फीडच्या रेघांची खोली हिशेबाने ३.५ वरून ६.३ मायक्रॉनवर जाते. नोज रेडियस १.२ मिमी घेतला तर ती ४.२ वर येते. जॉब बारीक आणि लांब असेल तर मात्र मोठ्या रेडियसने चॅटर (थरथर) येतो. तिथे हा उपाय नको.

प्रश्न : जॉब बदलताना सेटिंगला २ तास जातात. नवे मशीन घ्यावे का?

उत्तर : नको. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १००० टनी प्रेसचे सेटिंग ४ तासांवरून आधी ९० मिनिटांवर, पुढे ३ मिनिटांवर आणले. सूत्र साधे होते: मशीन थांबल्यावरच करता येणारी कामे वेगळी काढायची आणि बाकी सगळी आधी उरकायची. तुमच्याकडे प्रोग्रॅम, ड्रॉइंग, गेज, इन्सर्ट, ॲलन की हे सगळे आधीचा शेवटचा जॉब निघण्यापूर्वी ट्रॉलीवर हवे. बहुतेक जॉबना लागणारी टूल टरेटवर (टूल बसवायच्या फिरत्या चकतीवर) कायम एकाच स्टेशनला ठेवा, म्हणजे ती काढून पुन्हा लावावी लागत नाहीत. सॉफ्ट जॉवर (जॉबच्या मापाने कापून घ्यायच्या मऊ जबड्यांवर) १, २, ३ पंच करा आणि ते त्याच सेरेशनवर (दात्यांवर) परत बसवा. मग जॉ आतून पूर्ण कापण्याऐवजी (बोअरिंगऐवजी) हलका कट पुरतो. हा कट कामाच्याच चक प्रेशरवर (जॉब पकडताना असतो त्याच दाबावर) घ्या, नाहीतर रनआउट येईल, म्हणजे जॉब मध्याला न फिरता हलेल.

सर्वांत मोठी गळती बहुधा फर्स्ट पीसची, म्हणजे नव्या सेटिंगच्या पहिल्या जॉबच्या तपासणीची असते. जॉब क्वालिटीच्या टेबलावर पडून राहतो आणि मशीन उभे. त्या थांबण्याची वेळ वेगळी लिहा.

प्रश्न : लेथ वेगवान केले, तरी डिलिव्हरी उशिराच. का?

उत्तर : पुढचे ग्राइंडिंग दिवसाला २०० च जॉब काढत असेल, तर लेथचा वेग फक्त ढीग वाढवतो. मध्ये ६०० जॉब पडले असतील, तर नव्या जॉबला ३ दिवस थांबणे आलेच. स्टॉपवॉच आता ग्राइंडरवर न्या.