लिव्हर कडक, पण सायकल काही थांबत नाही!

प्रश्न: माझी हायड्रॉलिक डिस्कवाली एमटीबी आहे, रविवारी सकाळी नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत मारतो. पावसाळा संपला तेव्हा घरीच सायकल धुतली, गंज नको म्हणून चेनला वगैरे स्प्रे मारला. आता मागचा ब्रेक लागतच नाहीये, म्हणजे लिव्हर मस्त कडक लागतो पण सायकल आपली पुढे सरकतच राहते, उतारावर तर जीव मुठीत. पुढचा एकदम ओके. दुकानवाला म्हणतोय ब्लीडिंग करावं लागेल. करून घेऊ का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: नको, निदान आत्ता तरी नको. हायड्रॉलिक ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, ब्लीडिंग म्हणजे त्या तेलात शिरलेली हवा काढणं. ते कधी करायचं, तर लाइनमध्ये हवा शिरली की. आणि हवा शिरली की लिव्हर स्पंजासारखा लागतो, हँडलपर्यंत येतो, दोन-तीनदा पटापट दाबला की जरा सुधारतो. तुमचा कडक आहे म्हणताय, म्हणजे तुमच्या बोटांचा जोर पॅडपर्यंत नीट पोचतोय, पॅड डिस्कला धरतंय पण घट्ट पकडत नाहीये. गडबड तिथे आहे, तेलात नाही.

आणि तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, तो स्प्रे. चेन उजवीकडे, डिस्क डावीकडे, त्यामुळे वाटतं की तिकडे कसा जाईल, पण स्प्रेचा तेलकट फवारा स्पोकांमधून आरामात पलीकडे जातो. पुढच्या चाकाजवळ चेनच नाही, म्हणून पुढचा ब्रेक वाचला. सोसायटीत गाड्या पुसायला येणारा मुलगा आपला चांगुलपणाने डॅशबोर्ड पॉलिशच्या फडक्यानेच सायकलपण चमकवून जातो, तेही एकदा विचारून घ्या.

आता करायचं काय. चाक काढा, पॅड काढा आणि उजेडात बघा. पॅडवरचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, अर्धा मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर विषय संपला, नवीन टाका. मसाला भरपूर आहे पण वरून काचेसारखा चकचकीत झालाय तर पॉलिश पेपर सपाट लादीवर ठेवून हलक्या हाताने घासा, मॅट दिसेपर्यंत, आणि ती धूळ नाकात जाऊ देऊ नका. पण काळपट, तेलकट डाग दिसले तर माझं मत स्पष्ट आहे, पॅड बदला. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, वरून घासून दोन दिवस बरं वाटतं मग परत तेच. गॅसवर भाजायचे व्हिडिओ फिरतात ते करू नका, मसाला पत्र्यापासून सुटला तर कान्हेरीच्या उतारावर कळेल.

डिस्क मात्र बदलायची गरज नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानात मिळतं, आणि स्वच्छ फडकं दर वेळी नवीन घ्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो. नवीन पॅड घेताना डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं काही कोरलंय का ते वाचा, कोरलं असेल तर मेटल पॅड घेऊ नका, डिस्क खाऊन टाकतात. आणि चाक बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात, मध्ये पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवा.

नवीन पॅड लगेच पकडत नाहीत, म्हणून वैतागू नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी स्पीड घ्या, मागचा ब्रेक हळूहळू दाबत चालण्याइतका स्पीड आणा, चाक लॉक न करता, पूर्ण थांबू नका, असं वीसेक वेळा. मग कोरड्या रस्त्यावर बसूनच मागचा जोरात दाबून बघा, चाक घसरलं म्हणजे ब्रेक ठीक. पुढच्याइतका जोर मात्र मागच्याकडून मागू नका, ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, ते सगळ्याच सायकलींना.

हे सगळं करूनही नवीन पॅड थोड्याच दिवसांत तेलकट झाले तर मग कॅलिपर, म्हणजे पॅड ज्यात बसतात तो भाग, बघा. पॅडमागे, पिस्टनजवळ ओल दिसली की पिस्टनभोवतीचं रबरी सील गेलंय. तेव्हा दुकानात जा, बहुतेक वेळा अख्खा कॅलिपर बदलतात. तेलाचा विषय निघालाच तर मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक फ्लुइड) भरू देऊ नका, उलटंही नको, सील फुगून खराब होतात.

प्रश्न: माझा केबलवाला डिस्क ब्रेक आहे, त्याचाही मागचाच कमजोर. केबल टाइट केली तरी फरक नाही.
– भांडुपहून

उत्तर: केबल टाइट करणं बंद करा आधी. स्वस्त मेकॅनिकल कॅलिपरमध्ये बहुतेक एकच पॅड हलतं, ते डिस्कला ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर नेतं. ते स्थिर पॅड लांब असेल तर तुमचा निम्मा जोर डिस्क वाकवण्यात जातो. चाकाच्या बाजूने त्याचा स्क्रू किंवा गोल नॉब असतो, तो फिरवून पॅड डिस्कला जेमतेम न लागेल इतकं जवळ आणा. केबल ओढून ओढून कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरवून ठेवला की दाबायला जागाच उरत नाही. तरी जोर आला नाही तर केबल कॅलिपरपासून सोडा आणि हाताने ओढून बघा. मागची केबल लांब, वळणं जास्त, आपल्या पावसात आऊटरमध्ये, म्हणजे केबलवरच्या नळीत, पाणी जाऊन गंजते. करकर लागली तर इनर (आतली तार) आणि आऊटर दोन्ही बदला, नुसतं तेल सोडू नका.

प्रश्न: पावसात डिस्क ब्रेक किंचाळतो, बिघडलाय का?
– दादरहून

उत्तर: ओला आहे तोवर बहुतेक किंचाळतोच, चार वेळा दाबला की वाळून गप्प बसतो. कोरड्यातही ओरडत असेल तर वर बोरिवलीच्या वाचकांना जे सांगितलं ते करा.