सोळा दिवसांचा प्रवास आणि बारा लाखांचं कवच

चिंचवडहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 34, हातात येणारा पगार 92 हजार, मुलगी पावणेदोन वर्षांची, पत्नीने बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली. डिसेंबरात आई-बाबांनाही घेऊन पुणे, बंगळूर, म्हैसूर, उटी, कोची आणि किनाऱ्याने परत, असा सोळा दिवसांचा बेत आहे. आताच्या छोट्या गाडीत सगळे मावत नाहीत. म्हणून विचारतात, 14 लाखांची सात आसनी गाडी घेऊ का? 11 लाखांचं कर्ज मंजूर आहे, वरचे 3 लाख मुलीच्या चाइल्ड प्लॅनवर (मुलांच्या नावाने विकली जाणारी, विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) कर्ज काढून उभे करीन म्हणतात.

नका घेऊ. 11 लाख, सात वर्षं, 9 टक्के म्हणजे हप्ता पावणेअठरा हजार. घराचा हप्ता 34 हजार, चाइल्ड प्लॅनचे महिन्याला 10 हजार. उरले 30 हजार, त्यात पाच माणसांचं घर. सोळा दिवसांसाठी सात आसनी गाडी भाड्याने घ्या. दिवसाला 4 हजार धरले तरी 64 हजार, म्हणजे चार हप्तेही होत नाहीत. साडेतीन हजार किलोमीटरला पेट्रोल 25 हजार, दोन खोल्या, जेवणखाण धरून सगळं मिळून दोन लाखांच्या घरात जाईल. दिवाळीचा बोनस हातात पडला तर सोळा दिवस फिरा, नाहीतर म्हैसूरहून मागे फिरा. आणि हो, पहिल्याच दिवशी पुणे ते बंगळूर 840 किलोमीटर हे वेळापत्रक लहान मूल सोबत नसलेल्या माणसाने केलेलं दिसतंय. हुबळीला मुक्काम करा. मुलीला आजीच्या मांडीवर नाही, चाइल्ड सीटमध्ये बसवा. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तसं न केल्यास हजार रुपये दंडही आहे.

आता पत्रात न विचारलेल्या गोष्टीकडे येऊ. चाइल्ड प्लॅनचा हप्ता वर्षाला 1 लाख 20 हजार, मुदत वीस वर्षं, विमा कवच 12 लाख. दुसरा कुठलाही आयुर्विमा नाही. घराचं कर्ज बाकी 38 लाख. शिवाय एक वाक्य असं: ‘गाडीच्या विम्यातही माझं 15 लाखांचं कवच आहेच.’

साहेब, ते 15 लाख मालक-चालकाच्या अपघातापुरते आहेत. हृदयविकाराला त्यातून छदाम मिळत नाही. तरी धरू ते. 12 आणि 15 मिळून 27. बँकेचे 38 भागत नाहीत, मग घरखर्चाचं काय? घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि साडेतीन हजार किलोमीटर स्टिअरिंगवरही तुम्हीच.

बँकेतल्या मॅडमनी तुम्हाला 46 लाखांचा तक्ता दाखवला. वर्षाला 1 लाख 20 हजार, वीस वर्षं, म्हणजे भरायचे 24 लाख. मिळणारे 46 लाख जमेस धरले तरी परतावा पावणेसहा-सहा टक्के, तोही विमा कंपनीचा बोनस तक्त्याप्रमाणे आला तर. तुम्ही लिहिता, यात मुलीचं परदेशी शिक्षण होईल. महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे 46 लाख म्हणजे आजचे 14 लाख. इतक्यात आज तरी कुठलं परदेश होतं? विमा म्हणून हे तोकडं आणि बचत म्हणून मंद. पण वेष्टनावर बाळाचा फोटो आहे, त्यामुळे आई-बाप सही करतात.

मुलगी आहे, तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडा. आजचा 8.2 टक्के दर टिकला, तर वर्षाला 1 लाखप्रमाणे पंधरा वर्षं भरून, खातं उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी 47 लाखांच्या आसपास जमतात. म्हणजे 24 ऐवजी 15 लाखच भरायचे. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे ही रक्कम बांधील नाही. मॅडमचा बोनसही नव्हता.

पॉलिसीवरच्या कर्जाचंही ऐका. ते सरेंडर मूल्यावर, म्हणजे पॉलिसी आज बंद केली तर जे हातात येईल त्यावर मिळतं, भरलेल्या पैशांवर नाही. तुमचे दोनच हप्ते गेलेत, 2 लाख 40 हजार. त्यावर 3 लाख कर्ज कुठून येणार? कंपनीकडून आजचं सरेंडर मूल्य लेखी मागवा. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी पूर्वीपेक्षा बरं मूल्य मिळतं, तरी आकडा बघून वाईट वाटेल. त्या वाईट वाटण्यापायी आणखी अठरा हप्ते भरू नका.

मात्र क्रम चुकवू नका. आधी दीड कोटीची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, साठीपर्यंतचा. हप्ता वर्षाला 20 हजारांच्या आगेमागे येईल; सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. अर्जात विवाहित महिला मालमत्ता कायद्याचा, म्हणजे एमडब्ल्यूपीचा रकाना असतो, तो भरा. मग ती रक्कम पत्नी आणि मुलीची, तुमच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. ही पॉलिसी हातात आल्यावरच चाइल्ड प्लॅन बंद करायचा, तोवर ते 12 लाख असू द्यात.

वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांत दोन-तीन आठवडे सहज जातात, तेव्हा अर्ज याच आठवड्यात करा. आणि पत्रात ‘सिगारेट, कधीतरी एखादी’ असं लिहिलंय. विमा कंपनीच्या फॉर्मवर ‘कधीतरी’ चालत नाही, तिथे ‘हो’ लिहायचं. हप्ता बराच वाढेल, वाढू दे. लपवलंत आणि पहिल्या तीन वर्षांत काही झालं, तर कंपनी नेमकं तेच शोधून काढते.